मात्रा वाढविण्यापूर्वी सामू पाहावा

औषधाचा गुण आला नाही की त्याची मात्रा वाढवावयाची, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत होऊन बसली आहे. पंपास ३० मिलिलिटर सांगितले असता ४० घालावयाचे, ४० ने काम झाले नाही तर ५० घालावयाचे, आणि तरीही तण उभेच राहिले तर औषध बनावट निघाले असे म्हणून दुकान बदलावयाचे. रावेर, सावदा, निंभोरा, खिर्डी या आपल्या केळीच्या पट्ट्यात हा प्रकार मृगबागेतही चालतो व कांदेबागेतही चालतो. रब्बीचा गहू आणि खरिपाचा कापूसही त्यातून सुटलेला नाही. बनावट औषधे बाजारात नसतातच असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु ज्या पाण्यात आपण औषध कालवितो त्या पाण्याची चौकशी कोणी करीत नाही, याचे आश्चर्य वाटते. पंधरा लिटरच्या पंपात औषध असते चहाच्या पेल्याएवढे देखील नाही. बाकी सारे पाणी असते.

या पाण्याचा, आणि पानाच्या वा जनावराच्या पोटातील रसाचा, एक गुण असा आहे की त्यावर औषधाचे शोषण बऱ्याच अंशी अवलंबून राहते. तो गुण म्हणजे सामू. शेतकरी बंधूंना हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालामुळे परिचित आहे. १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने हे माप प्रथम वापरात आणले. ती प्रयोगशाळा मद्याच्या कारखान्याची होती. आज तिचे माप आपल्या मातीच्या अहवालात पहिल्या रकान्यात बसले आहे. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर विम्लधर्मी, इतके सर्वांस ठाऊक असते. जे सहसा ध्यानात घेतले जात नाही ते असे की, या मापातील एक अंक म्हणजे दहापट फरक होय. सामू ६ चे पाणी आणि सामू ८ चे पाणी यांच्या आम्लतेत शंभरपट अंतर आहे.

आता औषधाकडे वळू. पुष्कळशी औषधे, मग ती माणसाची असोत, जनावराची असोत वा पिकाची, सौम्य आम्ले किंवा सौम्य अल्क असतात. अशा औषधाचे कण पाण्यात दोन रूपांत राहतात. काही कण विद्युतभार धारण करतात, त्यांस आयन म्हणतात. काही कण भाररहित राहतात. सजीवाच्या पेशीभोवतीचा पापुद्रा आणि पानावरील मेणचट थर हे दोन्ही स्निग्ध पदार्थांचे बनलेले आहेत. तेलात मीठ विरघळत नाही त्याचप्रमाणे भारित कण या थरांतून सहजासहजी पार होत नाही. भाररहित कण मात्र त्यातून झिरपतो. उलटपक्षी, पाण्यात चांगले विरघळावयाचे तर भारित रूपच सोयीचे. तेव्हा कोणत्या क्षणी औषधाचा किती भाग कोणत्या रूपात आहे, यावर त्याचे आत शिरणे ठरते.

हे प्रमाण ठरविणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक द्रवाचा सामू, आणि दुसरी त्या औषधाचा स्वतःचा एक ठरीव अंक, ज्यास शास्त्रज्ञ पीकेए म्हणतात. ज्या सामूवर औषधाचे निम्मे कण भारित व निम्मे भाररहित असतात, तो सामू म्हणजे त्या औषधाचा पीकेए होय. सौम्य आम्ल असेल तर सामू या अंकाच्या खाली जावा तसतसे भाररहित कण वाढतात. सौम्य अल्क असेल तर नेमके उलट, सामू वर चढावा तसतसे भाररहित कण वाढतात. प्रत्येक अंकामागे दहापट, हा हिशेब येथेही लागू आहे. हेंडरसन व हासेलबाल्ख या दोघांनी गेल्या शतकाच्या आरंभी बसविलेले हे गणित आजही औषधशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकविले जाते.

घरातील उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी सौम्य आम्ल आहे व तिचा पीकेए सुमारे ३.५ आहे. रिकाम्या जठराचा सामू १.५ च्या आसपास धरल्यास दोन अंकांचे अंतर पडते, म्हणजे एका भारित कणामागे शंभर भाररहित कण होतात व ते जठराच्या भिंतीतून जाऊ शकतात. १९५७ साली अमेरिकेत शोअर, ब्रॉडी व हॉगबेन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून याच नियमाची दुसरी बाजू दाखविली: शिरेतून दिलेली अल्क जातीची औषधे रक्तातून निघून आम्लधर्मी जठररसात येऊन साठतात, कारण तेथे ती भारित होतात व परत फिरू शकत नाहीत. जणू मासे पकडण्याच्या मळईत शिरलेला मासा. येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. ॲस्पिरिनचा मोठा भाग प्रत्यक्षात लहान आतड्यातूनच शोषला जातो, कारण तेथील पृष्ठभाग जठराच्या कितीतरी पट विस्तृत असतो. नियम खरा असला तरी तो एकटाच राज्य करीत नाही, हे शेतीतही विसरता कामा नये.

गव्हातील चंदनबटव्यासारख्या रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक सौम्य आम्लच आहे. त्याचा पीकेए सुमारे २.७. पानाच्या पेशीभित्तिकेतील रसाचा सामू सुमारे ५ ते ५.५ असतो, सामू ५ धरला तर दोनशे कणांमागे एकच कण भाररहित सापडेल. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. परंतु तो एक कण पेशीत उतरला की त्यास ७ च्या वरचा सामू भेटतो, तो तत्काळ भारित होतो व बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. बाहेर त्याची जागा दुसरा कण घेतो. असे होत होत औषध आत साठते, आणि अन्नरसवाहिन्यांतील रसाचा सामू ७.५ ते ८ असल्याने तेथे अडकून मुळापर्यंत वाहत जाते. आंतरप्रवाही औषधांचे सामर्थ्य पुष्कळ अंशी या सापळ्यात आहे. ज्या तणाची वाढ पाण्याअभावी थांबली आहे त्यावर असे औषध का लागू पडत नाही, याचेही उत्तर यात आहे: रस वाहत नसेल तर अडकलेले औषध जागच्या जागी राहते.

याच औषधाचे एस्टर नावाचे रूप भाररहितच असते. ते मेणचट थरातून लवकर शिरते, पण तितक्याच लवकर हवेतही उडते. कापूस व केळी ही दोन्ही पिके २,४-डीस अत्यंत नाजूक आहेत. शेजाऱ्याच्या गव्हावरील वाफ आपल्या बागेवर यावी, यासारखा तंटा गावात दुसरा नाही. मात्रा वाढविण्याची सवय येथे केवळ पैशाचे नुकसान करीत नाही, बांधापलीकडील पिकाचेही करते.

आपल्या पाण्याची स्थिती काय आहे? सातपुड्याचा पायथा ते तापीचा काठ या दरम्यानच्या गाळाच्या जमिनीत रावेर व यावल तालुक्यांनी भूजलाचा अतिउपसा केला आहे, हे आता सर्वश्रुत आहे. ठिबकाच्या तोट्यांवर जो पांढरा थर बसतो तो पाहिला की पाण्यातील चुना व बायकार्बोनेट यांविषयी प्रयोगशाळेस विचारण्याची गरज उरत नाही. तो थर घालविण्यासाठी शेतकरी बंधू नळ्यांस आम्लप्रक्रिया देतात, कागदी पट्टीने सामूही पाहतात. जी पट्टी ठिबकासाठी घरात आहे ती फवारणीच्या पिंपात बुडवून पाहावी असे मात्र क्वचितच कोणास सुचते.

अशा पाण्याने दोन वेगवेगळे अपाय होतात व त्यांची गल्लत करू नये. पहिला, पाण्यातील चुन्याशी २,४-डीच्या अमाइन क्षाराचा संयोग होऊन न विरघळणारे कण तयार होतात. ते तोटीत अडकतात आणि पानात शिरत नाहीत. हा दोष मुख्यतः पाण्याच्या जडपणाचा आहे, सामूचा नव्हे. दुसरा, काही औषधे विम्लधर्मी पाण्यात फुटतात. कॅप्टन हे बुरशीनाशक याचे ठळक उदाहरण आहे: सामू ५ च्या पाण्यात ते निम्मे होण्यास दिवसाहून अधिक वेळ लागतो, सामू ७ ला काही तास, आणि सामू ८ च्या पुढे काही मिनिटे. सकाळी पिंपात कालवून ठेवलेले औषध न्याहारी आटोपून येईपर्यंत संपलेले असते, आणि मग त्याची मात्रा दुप्पट केली काय नि चौपट केली काय!

तर मग प्रत्येक पंपात आम्ल घालावे काय? येथे प्रस्तुत लेखकाचे मत बाजारातील प्रचाराच्या विरुद्ध आहे. सामू उतरविणाऱ्या द्रवांच्या बाटल्या अलीकडे प्रत्येक औषधाबरोबर गळ्यात घातल्या जातात. केळीवरील करप्यासाठी वापरले जाणारे प्रोपिकोनॅझोल फवारणीच्या पाण्याच्या सामूत भारितच होत नाही व सहजी फुटतही नाही. त्याच्याबरोबर अशी बाटली घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. माव्यासाठीच्या इमिडाक्लोप्रिडचीही गोष्ट बहुतांशी तीच. गव्हातील मेटसल्फ्युरॉन या तणनाशकाचा स्वभाव तर उलटा आहे: ते आम्लधर्मी पाण्यात लवकर फुटते. आणि ताम्रयुक्त औषधांत आम्ल घालणे हे सरळसरळ अपायकारक आहे, कारण त्यामुळे तांबे मोकळे होऊन पाने जळतात. बोर्डो मिश्रणात चुना घालतात तो याचसाठी. लोखंडी विळा मिश्रणात बुडवून त्यावर तांब्याचा रंग चढतो की काय हे पाहण्याची जुनी कसोटी ही खरे तर सामूचीच कसोटी होती. तिला ते नाव नव्हते एवढेच. पूर्वी सामू कोण पाहत होते, असा प्रश्न जुनी मंडळी करतात त्यांस हे एक उत्तर आहे. दुसरे असे की, गंधकाची भुकटी व बोर्डो ही औषधे पानाच्या पृष्ठावरच काम करीत. पानात शिरण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता.

जेथे सामू उतरविणे खरोखर आवश्यक आहे, तेथे लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक आम्ल पुरते. मात्र केवळ सामूवरून ते किती घालावे हे कळत नाही. सामू ८ असलेल्या दोन विहिरींपैकी एकीत बायकार्बोनेट दुसरीच्या दुप्पट असू शकते, आणि मग आम्लही दुप्पट लागते. आपल्या जड पाण्याचा सर्वसाधारण हिशेब केल्यास सामू ६ पर्यंत येण्यास १५ लिटरच्या पंपामागे सुमारे ३ ते ८ ग्रॅम लिंबूसत्व लागावे. नेमका आकडा प्रत्येकाने आपल्या विहिरीपुरता स्वतः काढावा: एका बादलीत मोजून पाणी घ्यावे, एकेक ग्रॅम घालीत ढवळावे व पट्टी पाहावी. हे काम वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर केले म्हणजे झाले. पाणी उपसल्यावर त्यातील कर्बवायू निघून जातो व सामू काहीसा चढतो. म्हणून परीक्षा विहिरीच्या काठी न करता पिंपापाशी करावी. आम्ल आधी पाण्यात मिसळावे, औषध नंतर घालावे, आणि कालविलेले औषध रात्रभर ठेवू नये.

इथवर प्रश्न पैशाचा होता. यापुढील प्रश्न जनावरांच्या प्राणाचा आहे व त्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे.

ठिबकातून युरिया देण्याची पद्धत घरोघर पोचली आहे. खतटाकीपाशी युरिया विरघळविलेले पिंप उघडे असते, उन्हाने तहानलेले जनावर दावे तोडून तेथे येते आणि पोटभर पिते. कधी युरियाची फाटकी गोणी गोठ्याच्या कोपऱ्यात असते. अर्ध्या-पाऊण तासात जनावर थरथरू लागते, तोंडातून फेस येतो, दात खाते, पोट फुगते, चाल अडखळते, श्वास जोराने चालतो व पुढे झटके येतात. घरधनी पोट फुगलेले पाहतो आणि आजवरच्या अनुभवाप्रमाणे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजतो. अशा वेळी सोडा पाजणे म्हणजे विषास वाट करून देणे होय. याचे कारण तेच पीकेएचे गणित.

युरिया कोटीपोटात गेला की तेथील सूक्ष्मजंतू त्याचा अमोनिया करतात. अमोनिया हा सौम्य अल्क असून जनावराच्या शरीराच्या उष्णतेस त्याचा पीकेए ९ च्या जवळपास असतो. निरोगी जनावराच्या कोटीपोटाचा सामू ६ ते ७ असतो. सामू ६ ला हजार भारित कणांमागे एक भाररहित कण; तेवढा रक्तात जातो आणि यकृत त्याचा पुन्हा युरिया करून टाकते. हा क्रम रोज चालूच असतो व त्याने काही बिघडत नाही. परंतु पुष्कळ युरिया एकदम पोटात गेला की तयार झालेला अमोनियाच कोटीपोटाचा सामू वर ढकलतो. सामू ७ ला शंभरामागे एक, सामू ८ ला दहामागे एक. म्हणजे अमोनियाचे एकूण प्रमाण तर वाढलेलेच असते, त्यातून भिंत ओलांडणारा हिस्साही शंभरपट झालेला असतो. यकृताची शक्ती अपुरी पडते व अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. त्यात सोडा घातला म्हणजे सामू आणखी चढतो.

म्हणूनच या विषबाधेत पशुवैद्यक शिरका व भरपूर गार पाणी पाजतात. शिरक्यातील ॲसेटिक आम्लाने सामू उतरतो, अमोनिया भारित होऊन कोटीपोटातच अडकतो. गार पाण्याने युरिया फोडणाऱ्या द्रव्याचे काम मंदावते. जे आम्ल २,४-डीच्या आत शिरण्यास मदत करते तेच अमोनियास बाहेर थोपविते. एक आम्ल, दुसरा अल्क, इतकाच भेद. मात्र हा उपाय पहिल्या काही मिनिटांचा आहे. झटके सुरू झाल्यावर त्याचा उपयोग क्वचितच होतो, आणि गिळता न येणाऱ्या जनावरास काहीही पाजल्यास ते फुप्फुसात जाऊन त्यानेच प्राण जातो. पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे, जनावराने काय खाल्ले वा प्यायले ते प्रथम सांगावे, आणि शिरक्याचे प्रमाण जनावराच्या आकारमानाप्रमाणे त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे. शिरक्याच्या दोन-चार बाटल्या गोठ्यात असू द्याव्यात. तालुक्याहून वाहन येईपर्यंत दुकान शोधीत फिरण्यास सवड नसते.

सोड्याची मात्र बदनामी होऊ नये. लग्नकार्यातील उरलेला भात व पोळ्या किंवा खळ्यावरील गहू, मका जनावराने भरमसाट खाल्ला तर कोटीपोटात लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू ५ च्या खाली उतरू शकतो. तेथे सोडा हेच योग्य औषध होय आणि शिरका विष. बाहेरून दोन्ही जनावरे निपचित व फुगलेलीच दिसतात. कोणते जनावर कशाने आजारी आहे हे ठरविण्यास पहिला प्रश्न पोटाला नव्हे, गोठ्याभोवतीच्या जागेला विचारावा लागतो: पिंप उघडे आहे की धान्याचे पोते फाटले आहे?

युरियाचे हेच गणित जमिनीतही चालते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू ८ च्या घरात असतो. ओल्या पृष्ठावर फेकलेल्या युरियापासून झालेल्या अमोनियाचा लक्षणीय भाग अशा सामूवर वायुरूपाने उडून जातो. युरिया मातीआड करावा, अथवा ठिबकातून मुळाशी द्यावा, या जुन्याच शिफारशीस हे कारण आहे. लोहाच्या बाबतीत, आपल्या जमिनीत ईडीटीए जातीचे लोह टिकत नाही, ईडीडीएचए जातीचे टिकते. किंमत अधिक असली तरी जमिनीतून द्यावयाचे असल्यास तेच घ्यावे. स्वस्त मिळते म्हणून पहिले घेऊन त्याची मात्रा वाढविणे, ही पुन्हा तीच रीत झाली.

आता विस्तारकार्याविषयी दोन शब्द. आमच्या शिफारशी ‘दर लिटर पाण्यास इतके मिलिलिटर’ अशा शब्दांत दिल्या जातात, आणि ते पाणी कोणते हे अध्याहृत राहते. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली. तीत सामूसह बारा गोष्टींची नोंद असते; पाण्याचा त्यात रकाना नाही. माझे स्पष्ट मत आहे की, जेथे मातीचा नमुना घेतला जातो तेथेच त्या शेताच्या विहिरीचे पाणीही काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत घेतले जावे आणि त्याचा सामू, बायकार्बोनेट व जडपणा शेतकऱ्यास लेखी कळवावा. औषधाच्या वेष्टनावर कोणत्या सामूच्या पाण्यात ते किती वेळ टिकते, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापणे उत्पादकांस बंधनकारक करावे. आज माहितीपत्रकाचा कागद इतका बारीक छापलेला असतो की भिंग घेऊन बसावे लागते, आणि त्यातही ही माहिती सापडेलच असे नाही. खर्चाचा आक्षेप येथे टिकणार नाही. सामूच्या शंभर पट्ट्यांची किंमत एका मध्यम औषधाच्या बाटलीहून कमी पडते.

पाल येथील कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, जळगावास केळी संशोधन केंद्र आहे. मृगबागेची लागण सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातील पाच-सहा विहिरी व कूपनलिका निवडून त्यांच्या पाण्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिता येतील, आणि त्याखालीच कोणत्या औषधास आम्ल लागते, कोणास लागत नाही व कोणास ते मुळीच घालू नये, हेही लिहिता येईल. कृषी सहायकाच्या पिशवीत पट्ट्यांची एक डबी असावी. आणि खतटाकीजवळील युरियाच्या पिंपावर झाकण असावे. त्यासाठी मात्र कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.